काय शोधायचं हेच माहीत नसतं तेव्हा

१ नोव्हेंबर २०२१ या दिवशी ‘वर्डल’ हा शब्दखेळ साऱ्या जगात मिळून ९० माणसं खेळली. पुढच्या २ जानेवारीला खेळणाऱ्यांचा आकडा तीन लाखांवर पोचला होता, आणि जानेवारी संपता संपता ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम मोजून तो खेळ विकत घेतला. या तीन महिन्यांत त्याच्या जाहिरातीवर छदामही खर्च झाला नव्हता. खेळाचं ॲप नव्हतं, नाव-ईमेल द्यावं लागत नव्हतं, जिंकल्यावर हाती काही पडत नव्हतं. ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या जॉश वॉर्डल या वेल्श प्रोग्रॅमरनं शब्दकोड्यांची आवड असलेल्या आपल्या जोडीदारासाठी तो लिहिला आणि मग एका साध्या पानावर सगळ्यांसाठी ठेवून दिला. पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द, ओळखायला सहा संधी, दिवसाला एकच कोडं. त्या नोव्हेंबरात गुगलच्या शोधपट्टीत काय टाइप केलं असतं तर हा खेळ सापडला असता, हे सांगणं अवघड आहे. त्याचं नाव ठाऊक असलेली माणसंच मूठभर होती. मग लाखो लोक तिथे पोचले कसे? विरंगुळ्याच्या वेबसाइट आणि हलकेफुलके खेळ आपल्याला कसे सापडतात, हा प्रश्न वरवर फुटकळ वाटतो. पण खेळ लोकांपर्यंत कुठल्या वाटेनं पोचतो, त्यावर मुळात कुठले खेळ बनवले जातील हे ठरतं. गेल्या तीस वर्षांत ही वाट तीन-चार वेळा बदलली आणि दर वेळी खेळांनी कात टाकली.

शोधयंत्र हे प्रश्न घेऊन येणाऱ्यासाठी असतं. सातबारा कुठे काढायचा, कोल्हापूरची गाडी किती वाजता सुटते, याची उत्तरं ते चटकन देतं, कारण विचारणाऱ्याच्या मनात काय हवंय ते आधीच पक्कं असतं. ‘काहीतरी मजेशीर दाखव’ असं म्हटलं की मात्र त्याची पंचाईत होते. समोर येतात त्या ‘पंचवीस भन्नाट वेबसाइट’ छापाच्या, एकमेकींवरून उतरवलेल्या याद्या, नाहीतर शोधनिकालात वर राहण्यासाठी पगारी माणसं ठेवणारी मोठी संकेतस्थळं. वेबच्या बालपणी ही अडचण माणसांनीच सोडवलेली होती. याहूचा जन्म १९९४ मध्ये झाला तो जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी हातानं लावलेली साइटींची यादी म्हणून. १९९५ मध्ये सेज वाइल या तरुणानं ‘वेबरिंग’ची प्रणाली लिहिली. एका छंदाच्या साइटी साखळीत ओवायच्या आणि प्रत्येकीवर ‘मागची’, ‘पुढची’ आणि ‘कुठलीही एक’ अशी बटणं ठेवायची. शेवटचं बटण दाबलं की त्याच छंदाच्या कुणा अनोळखी माणसाच्या पानावर जाऊन पडायचं. शिफारस करणारा कोण, त्याची आवडनिवड काय, हे समोरच दिसायचं. अर्थात एखादी साइट बंद पडली की साखळीची कडी निखळायची, आणि साइटी लाखांनी वाढल्या तशी हातानं लावलेली यादी हाताबाहेर गेली.

२००१ मध्ये कॅनडातल्या कॅल्गरी शहरात या दोन्हींच्या पुढची वाट निघाली. गॅरेट कॅम्प आणि त्याच्या मित्रांनी ‘स्टंबलअपॉन’ सुरू केलं: ब्राउझरच्या माथ्यावर एक पट्टी आणि तिच्यावर एक बटण. सुरुवातीला आपल्या आवडीचे विषय निवडून ठेवायचे. मग बटण दाबलं की त्या विषयांतलं, आपण कधीही न पाहिलेलं एक पान उघडायचं. आवडलं तर अंगठा वर, नाहीतर खाली. तुमच्यासारखे अंगठे देणाऱ्यांना जे भावलं ते तुमच्या वाट्याला अधिक यायचं. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुन्या पुस्तकांचे ढीग उपसताना पुढे हाताला काय लागेल ते ठाऊक नसतं, तरी तो ढीग कुणीतरी निवडून आणलेला असतो. स्टंबलअपॉनची चटक साधारण तशीच होती. ज्याला कुणी ओळखत नाही अशा माणसानं केलेलं पान एका दिवसात हजारोंच्या पडद्यावर उघडू शकायचं. ईबेनं २००७ मध्ये ७.५ कोटी डॉलरना ही सेवा विकत घेतली, २००९ मध्ये कॅम्प आणि त्याच्या साथीदारांनी ती परत घेतली, आणि जून २०१८ अखेर ती बंद झाली. तोवर कॅम्प ‘उबर’चा सहसंस्थापक म्हणून प्रसिद्ध झाला होता. लोकांना अनोळखी वाटांना लावणाऱ्या माणसाला खरा पैसा मिळाला तो त्यांना नेमक्या पत्त्यावर पोचवण्यात.

इथे एक आक्षेप हमखास येतो. स्टंबलअपॉनमागेही गणितच होतं, आणि आज इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबही तसल्याच गणितानं न मागितलेल्या गोष्टी पुढ्यात टाकतात. यूट्यूबवर पाहण्यात जाणाऱ्या एकूण वेळापैकी ७० टक्क्यांहून अधिक वेळ शिफारशींतून येतो, असं त्या कंपनीच्या अधिकाऱ्यानंच २०१८ मध्ये सांगितलं होतं. मग रडायचं कशाला? नवं सापडतंच आहे की. आक्षेप बिनतोड वाटतो. पण गणित कुणाच्या फायद्याचं आहे ते पाहिलं की फरक दिसतो. स्टंबलअपॉनच्या बटणाचं काम तुम्हाला बाहेर, दुसऱ्याच्या दारी सोडणं हे होतं. तुम्ही तिथेच रमलात आणि तासभर बटणाकडे फिरकला नाहीत, तर ती शिफारस फळली असं म्हणायचं. फीडचं काम याच्या नेमकं उलट. तुम्ही बाहेर गेलात की त्याचं नुकसान. इन्स्टाग्रामच्या पोस्टखालच्या मजकुरात टाकलेला वेबपत्ता दाबून उघडता येत नाही, ही काही तांत्रिक मर्यादा नव्हे, धोरण आहे. त्यामुळे फीडमध्ये मावेल ते, म्हणजे चित्रफीत, फोटो, विनोद, अमाप सापडतं. ज्यासाठी उठून दुसऱ्या पत्त्यावर जावं लागतं, ते मागे पडतं. खेळ हा तसाच प्रकार आहे. तो नुसता पाहून भागत नाही, हातानं खेळावा लागतो.

वाट आणि वस्तू यांचं नातं सर्वांत स्पष्ट दिसतं ते फ्लॅशच्या काळात. १९९६ मध्ये ‘फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर’ या नावानं आलेलं हे सॉफ्टवेअर आधी मॅक्रोमीडियाकडे आणि २००५ मध्ये अडोबीकडे गेलं. त्यातली चित्रं ठिपक्यांनी भरलेली नसत, रेषा आणि वक्र यांच्या गणिती वर्णनातून ती उभी राहत. म्हणून फाइल लहान व्हायची आणि रखडत चालणाऱ्या डायल-अपवरही खेळ दोन-चार मिनिटांत उतरायचा. चित्र, हालचाल, आवाज आणि कोड हे सगळं एकाच खिडकीत एकाच माणसाला करता यायचं. टॉम फल्पच्या ‘न्यूग्राउंड्स’वर कुणीही आपली करामत चढवावी आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी मत द्यावं, फार कमी गुण पडले तर ती तिथून पुसली जायची. २००१ पासून मिनिक्लिप, २००६ पासून कॉन्ग्रिगेट अशी खेळांची पोर्टलं आली. महाराष्ट्रातल्या सायबर कॅफेत आणि शाळा-कॉलेजांच्या संगणक कक्षांत सर पाठमोरे झाले की जे उघडलं जायचं ते हेच. त्या गर्दीतला ‘क्वॉप’ पाहण्यासारखा आहे. २००८ मध्ये बेनेट फॉडी या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकानं केलेला हा खेळ म्हणजे शंभर मीटरची शर्यत. कीबोर्डवरच्या ‘क्यू’ आणि ‘डब्ल्यू’ या कळा धावपटूच्या मांड्या हलवतात, ‘ओ’ आणि ‘पी’ पोटऱ्या. ज्या क्रिया आपण जन्मभर विचार न करता करतो त्या सुट्या करून बोटांत दिल्या की काय होतं? धावपटू पहिल्या मीटरभरातच पाठीवर आपटतो. बहुतेकांची शर्यत तिथेच संपते, आणि तरी ती ते पुन्हा सुरू करतात. असला खेळ कुठल्या कंपनीच्या बैठकीत मंजूर झाला असता? तो बनला, कारण बनवून टाकून द्यायला जागा होती आणि वाट चुकून येणारे प्रेक्षक होते.

फ्लॅशच्या अंताची कहाणी बहुतेकांना माहीत आहे. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सनी जाहीर पत्र लिहून आयफोनवर फ्लॅश का येणार नाही ते सांगितलं. बॅटरी, सुरक्षेतली भगदाडं, बोटानं चालवायच्या पडद्याशी न जमणं ही त्यांची कारणं खोटी नव्हती. अडोबीनं २०२० अखेर फ्लॅशला मूठमाती दिली आणि १२ जानेवारी २०२१ पासून जुने खेळ चालणंही थांबवलं. त्यातले एक लाखाहून अधिक खेळ ‘फ्लॅशपॉइंट’ या स्वयंसेवी प्रकल्पानं जपले, काही इंटरनेट आर्काइव्हवर ब्राउझरमध्येच चालतात. पण तंत्र मेलं त्याहून मोठा बदल वाटेत झाला होता. फोनवर खेळ ॲप स्टोअरमधून येऊ लागला: उतरवून घ्या, परवानग्या द्या, खातं काढा. एवढी उस्तवार करणाऱ्याला दोन मिनिटांचा खेळ पुरत नाही आणि बनवणाऱ्यालाही परवडत नाही. मग खेळाडू रोज परत यावा म्हणून नाणी, हिरे, ‘उद्या आलात तर बक्षीस’ हे सगळं आलं. याची पूर्वचिन्हं फेसबुकवरच्या ‘फार्मव्हिल’मध्ये २००९ मध्येच दिसली होती. पेरलेलं पीक वेळेत काढलं नाही तर वाळायचं, म्हणून घड्याळ लावून शेत पाहायला येणारे लोक होते. तोही फ्लॅशवरच चालायचा आणि २०२० च्या ३१ डिसेंबरलाच बंद झाला. एकाच तंत्रावर ‘क्वॉप’ही होतो आणि ‘फार्मव्हिल’ही. म्हणून दोष किंवा श्रेय तंत्राला देण्यात अर्थ नाही.

या पार्श्वभूमीवर ‘वर्डल’कडे पुन्हा पाहावं. तो पसरला तो रंगीत चौकोनांनी. आपण किती प्रयत्नांत, कसकसे चाचपडत शब्द गाठला ते हिरव्या, पिवळ्या आणि करड्या चौकोनांच्या ओळींतून दाखवायचं, पण अक्षर एकही फोडायचं नाही. ही युक्ती मुळात न्यूझीलंडमधल्या खेळणाऱ्यांची. ते हे चौकोन स्वतः टाइप करत होते, आणि ते पाहून वॉर्डलनं डिसेंबर २०२१ मध्ये त्यासाठी बटण दिलं. त्या मजकुरात खेळाचा पत्ता नव्हता! जाहिरातीच्या कुठल्याही पाठात ही घोडचूक ठरली असती. इथे मात्र चौकोन पाहणाऱ्याला ‘हे काय आहे?’ असं कुणाला तरी विचारावंच लागायचं, आणि उत्तर ओळखीच्या माणसाकडूनच यायचं. शिवाय कोडं सगळ्या जगाला एकच असल्यामुळे दुसऱ्याचे चौकोन पाहण्यात रस होता. वॉर्डल या बाबतीत नवखा नव्हता. २०१५ मध्ये त्यानं रेडिटसाठी ‘द बटन’ केलं होतं: साठ सेकंदांचं उलटं घड्याळ, आणि ते परत साठवर नेणारं बटण, जे प्रत्येकाला आयुष्यात एकदाच दाबता येईल. दहा लाखांहून अधिक लोकांनी ते दाबलं. कमी देऊन लोकांना बोलतं करणं हीच त्याची हातोटी.

आता दुसरा आक्षेप, आणि हा अधिक वजनदार आहे. खुल्या वेबचं एवढं कौतुक करताना तिथला कचरा आणि चोऱ्यामाऱ्या विसरायच्या का? कचऱ्याबद्दल बोलायचं तर न्यूग्राउंड्सवर चढणाऱ्यातलं पुष्कळसं टाकाऊ होतं, भडक आणि हिंसकही होतं, आणि आठवणीत उरतात ते गाळून आलेले खेळ. जुन्या काळाबद्दल हळवं होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं. चोरीचा मुद्दा त्याहून टोचणारा आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘थ्रीज’ हा अंक सरकवण्याचा खेळ आला. त्याच्या कर्त्यांनी त्यावर वर्षाहून अधिक काळ घासूनपुसून काम केलं होतं आणि तो विकत घ्यावा लागायचा. मार्चमध्ये गाब्रिएले चिरुली या १९ वर्षांच्या इटालियन मुलानं शनिवार-रविवारच्या सुट्टीत ‘२०४८’ लिहिला आणि वेबवर चकटफू ठेवला. जगभर खेळला गेला तो ‘२०४८’. थ्रीजच्या कर्त्यांना हे आयत्या बिळावर नागोबा असं वाटलं असेल तर त्यांची चूक म्हणता येणार नाही. चिरुलीनं मात्र सुरुवातीला त्यावर पैसा केला नाही, कोड खुला ठेवला. आणि त्या खुल्या कोडमधून इतरांनी शेकडो चित्रविचित्र आवृत्त्या काढल्या, त्यांतल्या काही मूळ खेळाची थट्टा करणाऱ्या. फुकट आणि खुली वाट नवशिक्याला वर आणते ती कसलेल्या कारागिराच्या पोटावर पाय देऊनही, हे मान्य करूनच तिची बाजू घ्यावी लागते. नक्कल ॲप स्टोअरमध्येही तितकीच होते, फक्त तिथे ती करणाऱ्याला जाहिरातींचे पैसे मिळतात. एवढंच काय ते बाजूनं म्हणता येईल.

वेळेच्या अपव्ययाचा आक्षेप जुनाच आहे. २१ मे २०१० रोजी ‘पॅकमॅन’च्या तिसाव्या वाढदिवसानिमित्त गुगलनं आपल्या नाममुद्रेतच तो खेळ खेळण्याजोगा करून ठेवला, तेव्हा ‘रेस्क्यूटाइम’ या कंपनीनं जगाचे ४८ लाख तास वाया गेल्याचा हिशेब मांडला आणि तो वर्तमानपत्रांत गाजला. त्या आकड्याच्या पोटात काय होतं? माणशी ३६ सेकंद. छत्तीस सेकंदांना पन्नासेक कोटींनी गुणलं की कुठल्याही गोष्टीचा बाऊ करता येतो. काळजी करायची ती न संपणाऱ्या खेळांची, आणि त्याहूनही पैसे लावायच्या खेळांची. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला तेव्हा पैशांचे खेळ एका बाजूला आणि ई-स्पोर्ट्स व विरंगुळ्याचे खेळ दुसऱ्या बाजूला अशी रेघ मारली आणि पहिल्यांवर बंदी घातली. बंदी कितपत टिकेल हा वेगळा वाद, पण रेघ योग्य जागी आहे. घरोघरच्या बोलण्यात मात्र ‘मोबाइलवरचे गेम’ म्हणून पैसे लावून खेळायचा रमी आणि गुगलनं २०१७ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीला ठेवलेला गोगलगायींविरुद्ध रातकिड्यांचा क्रिकेट सामना एकाच माळेत ओवले जातात. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

ही वाट आजही बुजलेली नाही, फक्त आडबाजूला गेली आहे. नील अगरवाल या अमेरिकी तरुणाची ‘नील डॉट फन’ ही साइट तिचा उत्तम नमुना. जून २०२३ मध्ये त्यानं ठेवलेल्या ‘द पासवर्ड गेम’मध्ये तुम्ही फक्त पासवर्ड लिहायचा. आधी पाच अक्षरं हवीत, मग एक अंक, मग एक मोठं अक्षर. इथवर बँकेच्या पानासारखं. मग अंकांची बेरीज २५ हवी. मग रोमन अंकांचा गुणाकार ३५. त्या दिवशीच्या वर्डलचं उत्तर पासवर्डात हवं, चंद्राची आजची कला हवी, बुद्धिबळाच्या पटावरची सर्वोत्तम चाल हवी. आणि पुढे पॉल नावाचं अंडं सांभाळायचं, ज्यातून कोंबडी निघते आणि तिला चारा घालावा लागतो. नवा नियम पाळायला जावं तर जुना मोडतो. पासवर्डांनी छळलेल्या प्रत्येकाला या विनोदाचं मर्म समजतं. असलं काही सापडण्याचा एक खात्रीचा मार्ग आहे: खेळ आवडला की कर्त्याचं नाव पाहायचं आणि त्यानं आणखी काय केलंय ते बघायचं. ‘द डीप सी’मध्ये समुद्रतळाशी स्क्रोल करत जाणारा माणूस तिथूनच ‘इन्फिनिट क्राफ्ट’ला पोचतो. याखेरीज ‘इच डॉट आयओ’वर सुट्या माणसांनी केलेले, ब्राउझरमध्येच चालणारे खेळ आहेत, आणि स्वीडनमधलं ‘मार्जिनेलिया’ हे शोधयंत्र मुद्दाम लहान, मजकुरानं भरलेल्या साइटींना वर आणतं. जगभरातली रेडिओ केंद्रं पृथ्वीचा गोल फिरवत ऐकवणारं नेदरलँड्सचं ‘रेडिओ गार्डन’ खेळ नव्हे, पण संध्याकाळ घालवण्यात कुठल्याही खेळाला हरवेल. यातलं आवडेल ते लगेच कुणाला तरी पाठवावं, कारण ते उद्या तिथे असेलच असं नाही. प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीनुसार २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांत नाहीशी झाली होती.

मराठी घरांत असलं काही पोचतं ते बहुधा व्हॉट्सॲपच्या गटांतून. एका अर्थी हे बरंच आहे: तिथे वेबपत्ता दाबता येतो आणि पाठवणारा ओळखीचा असतो. पण त्याच गटांतून लग्नाच्या पत्रिकेच्या मिषानं फसवी ॲपही फिरतात, म्हणून ओळखीच्या नावावर विसंबून भागत नाही. विरंगुळ्याच्या साइटला तुमचा मोबाइल क्रमांक लागत नाही, ओटीपी तर नाहीच, आणि फाइल उतरवून घ्यायलाही ती सांगत नाही. यातलं काही मागितलं की पान बंद करावं. भाषेची अडचण याहून मोठी आहे. वर नावं आलेले बहुतेक खेळ इंग्रजी जाणणाऱ्यांचे आहेत, आणि इंग्रजी खेळाचा सांगाडा उचलून त्यात मराठी शब्द भरले की काम होत नाही. ‘स्त्री’ हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर. युनिकोडच्या हिशेबात ते सहा चिन्हांचं. वर्तमानपत्रांतल्या शब्दकोड्यांनी हा प्रश्न पूर्वीच मिटवला आहे: काना-मात्रा, जोडाक्षर सगळं धरून एका चौकोनात एक अक्षर. त्या न्यायानं ‘पुस्तक’ हा शब्द तीन चौकोनांत बसतो. पण शब्दकोड्यात उत्तर बरोबर असतं किंवा चूक. वर्डलसारख्या खेळाची सारी मजा अर्धवट बरोबर असण्यात आहे. कुणी ‘पु’च्या जागी ‘पा’ लिहिलं, तर तो चौकोन हिरवा की पिवळा? व्यंजन जमलं, स्वर चुकला, यासाठी इंग्रजीत रंगच नाही; चौथा रंग आणायचा, की चौकोनाचा अर्धाच भाग रंगवायचा, आणि ‘स्त’मधला नुसता ‘त’ जुळला तर काय करायचं, हे मराठीत खेळ करणाऱ्याला कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी ठरवावं लागतं.